गोजाईचा घास

एका राज्यात एक चाखणारीण होती. नाव तिचं गोजाई. राजाच्या ताटातला पहिला घास तिचा, आणि तिला काही झालं नाही तर दुसरा घास राजाचा, अशी तिथली रीत. विसाव्या वर्षी ती या कामावर आली तेव्हा राजा चित्रध्वज पाळण्यात होता. आता ती अडुसष्ट वर्षांची झाली होती. लोक म्हणत, "भाग्य काढलंस बाई! रोज राजाघरचं पक्वान्न!" लोकांना बोलायला काय जातं? घास तोंडात टाकायचा, जीभ चुरचुरते का, घसा जळतो का ते बघायचं, शंभर अंक मोजायचे आणि म्हणायचं, "शुद्ध आहे." जिला घासाघासाला मरण दिसतं, ती श्रीखंड खाते की चुना, तिला काय कळणार? अठ्ठेचाळीस वर्षं बिचारी राजवाड्यात खात होती, पण जेवली म्हणून एक दिवस नाही.

एकदा राजा शिकारीला गेला आणि एका गुहेत त्याला सोन्याची थाळी सापडली. थाळी होती एका मांत्रिकाची. मरताना त्याने तिच्यावर शाप घालून ठेवला होता, की जो या थाळीत लक्ष न देता जेवेल, त्याची चव जाईल. राजाला हे कुठून ठाऊक असणार! त्याने थाळी घासूनपुसून घेतली, तीत पान वाढायला लावलं. गोजाईने घास घेतला, शंभर मोजले, "शुद्ध आहे" म्हणाली. राजा बसला जेवायला. आता या राजाला खोड अशी, की जेवताना कारभाऱ्याने पत्रं वाचायची आणि याने ऐकत ऐकत गिळायचं. तिसऱ्या पत्राला त्याने घास थुंकला.

"ही माती आहे," राजा म्हणाला.

खीर आणली, ती माती. आंबा कापला, तोही माती. घोटभर पाणी दिलं, ते गढूळ लागलं. पंधरा दिवसांत राजा अंथरुणाला खिळला. वैद्य हरले. प्रधान गोजाईवर कडाडला, "म्हातारे, तुझी जीभ मेली! तू शुद्ध म्हणालीस म्हणून महाराजांनी खाल्लं. चालती हो!"

गोजाईने मुकाट्याने बोचकं बांधलं. काम गेल्याचं तिला काही वाटलं नाही. पण चित्रध्वजाला तिने रांगताना पाहिलं होतं, आणि आज तिच्या शब्दावर विसंबून तो मरणाच्या दारात गेला होता. वेशीबाहेर वडाखाली बसून ती ढसाढसा रडली.

वडावर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "रडून शाप उतरत नाही, बये." त्या राज्यात साळुंक्या बोलत, म्हणून गोजाईला नवल वाटलं नाही.

"मग कशाने उतरतो?"

"तीन कामं आहेत. मांत्रिकाच्या झऱ्याचं पाणी आण. त्याच्या डोंगरावरचं मीठ आण. आणि त्यांत असा पदार्थ रांध, जो तुला कुणी शिकवला नाही. त्याच थाळीत वाढ. अमावास्या सरायच्या आत झालं तर राजा वाचेल."

"पण त्या थाळीतलं मीही खाल्लं. माझीही चव गेली असेल."

साळुंकी हसली. "तुझ्याकडे न्यायला होतंच काय? आणलीस तशी कोरी जीभ आहे ती. म्हणून तर हे काम तुझं."

हे गोजाईला फार लागलं. पण त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ती पदर खोचून उठली.

पुढे साळुंकी, मागे गोजाई. गुडघे बोलत होते, तिने त्यांना बोलू दिलं. चौथ्या दिवशी झरा आला. झऱ्यावर नाग बसला होता.

"पाण्याची चव सांग," नाग म्हणाला, "आणि घागर भर."

गोजाई ओंजळभर पाणी प्याली, डोळे मिटले, शंभर मोजले. "शुद्ध आहे."

"ते मी विचारलं नाही."

तिने पुन्हा ओंजळ भरली आणि पुन्हा तेच सांगितलं. नागाने फणा काढला. "तिसऱ्यांदा हेच बोललीस तर डसेन."

जित्याची खोड ती, अशी बरी सुटेल! गोजाई पाण्यात पाय सोडून बसली. मनात आकडे सुरू झाले, तिने थांबवले. पुन्हा आले, पुन्हा थांबवले. सावल्या लांब झाल्या, आकडे कंटाळले आणि आपले आपण गेले. तेव्हा तिने पाणी तोंडात घेतलं आणि जिभेवर नुसतं राहू दिलं.

"गार दगडाचं लागतं," ती हळूच म्हणाली. "वाळ्याच्या मुळाचा वास आहे. आणि गिळल्यावर, अगदी शेवटी, गोड."

नाग बाजूला झाला.

मिठाच्या डोंगरावर राक्षसीण राहत होती. ती म्हणाली, "मीठ फुकट मिळत नाही. तू खाल्लेला एक घास मला सांग. ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे."

"राज्याभिषेकाला केशरी भात होता," गोजाईने सुरुवात केली. "जिलब्या होत्या."

"कशा लागल्या?"

गोजाई आठवू लागली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या पंगती डोळ्यांपुढून गेल्या, घास एकही सापडेना. एवढं आयुष्य माझ्या तोंडातून गेलं, मग गेलं कुठे? मनाने ती त्या वर्षांच्याही मागे गेली.

"मी सहा वर्षांची होते," ती म्हणाली. "आईने दूध आटवलं आणि पातेलं माझ्यापुढे ठेवलं. खरवड शिंपल्याने खरवडून खाल्ली मी. तपकिरी, चिकट, जराशी करपलेली. आधी कडवट, मग अशी गोड, की मी पातेल्यात डोकं घातलं. आई चुलीपाशी बसून हसत होती."

राक्षसिणीने ओठ चाटले. "माझ्या आईने कधी दिली नाही गं," ती म्हणाली, आणि पिशवीभर मीठ फोडून दिलं.

अमावास्येच्या सकाळी गोजाई राजाच्या मुदपाकखान्यात उभी राहिली; सगळे उपाय थकले होते, म्हणून प्रधानानेही तिला अडवलं नाही. आचारी म्हणाला, "काय रांधणार, गोजाई?"

"मला तरी कुठे ठाऊक आहे!"

सगळे आचारी खो खो हसले. तिने खिचडीला हात घातला, तर साळुंकी खिडकीतून ओरडली, "ही आईने शिकवली!" आमटीला फोडणी घालू लागली, तर, "ही या आचाऱ्याची!"

"गप बस गं मेले," गोजाई म्हणाली, आणि तिने साळुंकीकडे बघायचं सोडलं. झऱ्याचं पाणी उकळलं, तांदळाची भरड टाकली, मग ढवळलं आणि चाखलं. काहीतरी आंबट हवं होतं, म्हणून चिंचेचा कोवळा पाला चुरडून घातला. पुन्हा चाखलं. गूळ, भाजलेले तीळ, चिमूटभर मीठ. अडुसष्टाव्या वर्षी आपण काहीतरी करतो आहोत आणि त्याचं काय होणार हे आपल्यालाही माहीत नाही, याची तिला भीती वाटली आणि गंमतही वाटली. या वेळी साळुंकी काही बोलली नाही.

थाळी राजापुढे आली. राजाची नुसती हाडं उरली होती. प्रधान म्हणाला, "रीत आहे. आधी तू."

गोजाईने घास घेतला आणि थांबली. मग दुसरा घेतला. प्रधान खाकरला. तिने तिसरा घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीला गूळ लागला होता, आणि ती चौथा घास कालवत होती. दरबार अवाक.

"गोजाई!" प्रधान ओरडला. "ताट महाराजांचं आहे!"

तिला ऐकूच गेलं नाही. ती जेवत होती. तिच्या बोटांखाली थाळीचं सोनं फिकं पडत गेलं आणि साधं पितळ उरलं, तेही कुणी पाहिलं नाही, कारण सगळे तिच्याकडे बघत होते. राजाही बघत होता. बघता बघता तो कोपरावर उठला. कारभाऱ्याने सवयीने पत्र उघडलं, राजाने हातानेच ते मिटवायला सांगितलं.

"गोजाई," राजा म्हणाला, "मला ठेव की गं थोडं."

आणि त्याने तिच्याच ताटात हात घातला.

शाप उतरला, राजा उठला, राज्याची घडी पुन्हा बसली. गोजाईला इनाम विचारलं, तिने एक चूल मागितली. तिथे ती रोज काही ना काही नवं रांधते. निम्मं बिघडतं. बिघडलेलंही राजा तिच्यासमोर बसून खातो, आणि बिघडलं आहे असं तोंडावर सांगतो.

कहाणी सरली, पानं वाढली, चला उठा जेवायला.