तिच्या वाट्याचे पाणी

एकदा एका शिष्येला गुरुगृही एक नियम सांगण्यात आला : टाकीतला मासा मेला, तर तो का मेला हे विचारायचे नाही. बाकी सर्व विचारण्याची मुभा होती. त्या घरात न्यायशास्त्र शिकवले जात असे आणि कारणावाचून कार्य घडत नाही हा तिथला पहिला धडा होता. पण काचेच्या टाकीपाशी आले की तो धडा संपत असे.

टाकी गुरुपत्नीची होती. तिला जाऊन दोन वर्षे झाली होती. मागे राहिले होते वृद्ध गुरुजी, नऊ सोनेरी मासे आणि पाण्यात हवा सोडणाऱ्या पंपाची घरघर. शिष्यमंडळी संध्याकाळी आपापल्या घरी गेली की गुरुजींना बोलायला मासेच उरत. दोघांसाठी पाणी भरायची त्यांची सवय सुटली नव्हती. चिंचेने लख्ख घासलेली तांब्याची कळशी ते रोज संध्याकाळी विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवीत. सकाळी त्यातले अर्धे स्वतःसाठी घेत आणि उरलेले अर्धे टाकीत ओतीत. ओतताना गेलेल्या पत्नीला म्हणत, "हा तुझा वाटा."

आणि मासे मरत होते.

पहिला मेला तेव्हा पंप बंद पडलेला आढळला; आतले रबर फाटले होते. मासे विकणाऱ्या व्यापाऱ्याने नवा पंप बसवून दिला. पंप उत्तम चालला, तरी दुसरा मासा गेला. मग तिसरा. व्यापारी म्हणाला, "गुरुजी, घरावर येणारं संकट मासा आपल्या अंगावर घेतो. कारण शोधत बसू नका, दोष लागतो." धूर पाहून अग्नीचे अनुमान करायला शिकवणाऱ्या माणसाने हे ऐकून घेतले, आणि मानलेही. ज्याच्या घरात दुसरे माणूस नाही, त्याला निदान एखादा मासा तरी आपल्यासाठी जीव देतो, हे ऐकून बरे वाटत असावे.

प्रत्येक वेळी गुरुजी शिष्येला शांतपणे समजावीत, "बाळ, काही गोष्टींना कारण नसतं, अर्थ असतो. अर्थ कळला की प्रश्न मिटतो."

शिष्येचा प्रश्न मिटला नाही. पण आठ मासे जाईपर्यंत ती गप्प राहिली, हेही इथे सांगायला हवे.

एकच मासा उरला तेव्हा तिने एक विचित्र वाटणारी गोष्ट केली. कोणालाही न विचारता ती भल्या सकाळी आली, हळूहळू विहिरीचे पाणी मिसळत तो मासा टाकीतून बादलीत हलवला आणि पंपाची नळीही बादलीत सोडली. शेजारी तिने दोन वाडगे मांडले. गुरुजी कळशी घेऊन बाहेर आले, तो टाकी रिकामी.

शेजारचे निवृत्त हेडमास्तर पेपर वाचायला आले होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या माशाला बदलीचा हुकूम आलेला दिसतो."

तेवढ्यात व्यापारीही आला. त्याच्या हातातल्या पाण्याच्या पिशवीत एक नवा मासा होता. "हा टाकीत सोड, बाई, आणि तो जुनाही परत ठेव," तो म्हणाला. "घरात एकटा मासा ठेवू नये."

एकटा या शब्दाशी गुरुजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, "सोड, बाळ."

"आधी हे वाडगे बघा, गुरुजी," शिष्या म्हणाली. "दोन्हीत एकेक गोगलगाय आहे. एकात विहिरीचं पाणी आहे, ती चालते आहे. दुसऱ्यात तुमच्या कळशीतलं पाणी आहे, ती शंखात शिरून बसली आहे. हिला विहिरीच्या पाण्यात ठेवलं की दुपारपर्यंत बाहेर येते. त्या दुसरीला कळशीच्या पाण्यात ठेवलं की ती आत जाते. घरी चार दिवस करून पाहिलं."

"आता गोगलगाईंची साक्ष काढणार म्हणायची," हेडमास्तर हसले. व्यापारीही हसला. गुरुजी हसले नाहीत.

"एखादी गोष्ट असली की परिणाम दिसतो, ती काढली की थांबतो; तर तीच त्याचं कारण. हे तुम्ही मला पहिल्याच महिन्यात शिकवलंत," ती म्हणाली. "तांबं पाण्यात उतरतं. आपल्याला तेवढं सोसतं, माशांना सोसत नाही. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, पण तांबं मागेच राहतं. वर तुम्ही रोज नवं ओतता. पहिला मासा पंपामुळे गेला असेल. बाकीचे पंपामुळे गेले नाहीत."

गुरुजींनी हातातल्या कळशीकडे पाहिले. "तुझी काकू ह्यातलं पाणी टाकीत घालत नव्हती," ते हळूच म्हणाले. "तिची बादली वेगळी होती." मग टाकीकडे पाहत म्हणाले, "म्हणजे मीच?"

"हो. माहीत नसताना. पण तिसरा मासा मेला तेव्हा तरी का मेला हे विचारायला हवं होतं."

"अगं, म्हाताऱ्या माणसाशी असं तोडून बोलतात का?" व्यापारी म्हणाला. "इतके दिवस कोणी काही विचारलं नाही, तर काही बिघडलं का?"

"आठ मासे गेले," ती म्हणाली.

"त्यांनी ह्या घरावरचं संकट अंगावर घेतलं असं समजून मी दिवस काढले, बाळ," गुरुजी म्हणाले. त्यांनी व्यापाऱ्याच्या हातातली पिशवी घेऊन तिच्यापुढे धरली. "का मेला हे न विचारण्याचा ह्या घराचा नियम आहे. माझ्यासाठी सोड."

शिष्येला त्यांच्या पाया पडावेसे वाटले. पण पिशवीतला मासा तोंड उघडत होता, मिटत होता.

"तुमच्यासाठी मी रोज विहिरीचं पाणी आणीन, गुरुजी. रोज इथे येऊन बसेन. पण ह्या टाकीत मासा सोडणार नाही. आणि इथून पुढे मासा मेला, तर का मेला हे मी विचारणार."

हेडमास्तरांनी पेपर उघडला आणि तसाच मिटला. गुरुजींच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात अर्धी भरलेली कळशी, आणि पत्नीच्या वाट्याचे ते पाणी आता कुठे ओतावे हे त्यांना कळत नव्हते. बादलीत पंपाची घरघर तेवढी चालू होती.