येसबा आमदार पाणी प्याला, त्याची गोष्ट

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका, मला नीट सांगता येणार नाही. एवढंच धरा, की समोर हे धरणाचं पाणी पसरलंय ना, तिथं तेव्हा वेळणी नदी वाहत होती आणि तिच्या काठानं सात वाड्या होत्या. आमदार हा शब्दसुद्धा तेव्हा कोरा करकरीत होता.

आमच्या डोंगराचा पहिला आमदार झाला येसबा कोंढाळकर. काटक, उन्हानं रापलेला, बोलायला संथ. मुंबईचं अधिवेशन संपलं की हा घरीसुद्धा न जाता थेट वाड्यांवर निघायचा. देवळापुढं माणसं जमली की सांगायचा, मी तिथं काय विचारलं, त्यांनी काय उत्तर दिलं, काय मिळालं, काय नाही मिळालं. शाळा मंजूर झाली तर ते, ओढ्यावरचा साकव नामंजूर झाला तर तेही. असं म्हणतात, सकाळी घाटमाथ्यावर दिसलेला येसबा न्याहारीला नदीपलीकडच्या वाडीत हजर असायचा, आणि त्याला दम लागलेला कुणी पाहिला नाही.

आता एक रीत समजून घ्या, कारण पुढं सगळं तिथंच अडलं. आमच्या खोऱ्यात वाईट खबर घेऊन येणारा माणूस आल्याआल्या पाणी घेत नाही. वहाणा काढायच्या, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, खबर सांगायची, आणि मग पाणी. ज्यानं आधी पाणी घेतलं त्याच्याजवळ वाईट काही नाही, असं घरानं खुशाल समजायचं. येसबा ही रीत कधी मोडत नसे, म्हणून तर लोकांचा त्याच्यावर जीव होता.

एका वर्षी तो मुंबईहून परतला तो धरणाची खबर घेऊन. साती वाड्या पाण्याखाली जाणार होत्या. येसबा तिथं भांडला, ओरडला, पण एकट्याचं कोण ऐकतं. एवढंच पदरात पडलं, की जी वाडी चैत्र सरायच्या आत सगळ्यांच्या अंगठ्यांचा एकच अर्ज देईल, तिला एका जागी वसवू. जी देणार नाही, तिच्या एकेका घराला मिळेल तिथं जमीन.

येसबा निघाला. होळी नुकतीच झाली होती, ऊन रणरणत होतं. सहा वाड्यांत तो अनवाणी उभा राहिला आणि सहा वाड्यांत त्यानं ही खबर दिली. कुठं बायका रडल्या, कुठं शिव्या मिळाल्या, एका वाडीनं तर त्याच्यावर धोंडे उचलले. सगळ्यांनी अर्ज मात्र दिले. पण त्या दिवशी खबर ऐकून पाणी विचारायचं भान कुणाला राहणार? दिवसभर त्याच्या ओठाला थेंब लागला नाही.

सातवी होती भेकरवाडी, सतरा घरांची. तिथं ठकूबाई म्हणून बाई होती, तिच्या घरी बारसं होतं. किती तरी वर्षांनी त्या घरात पाळणा हलला होता. सतरा घरं अंगणात गोळा झाली होती, गाणी चालली होती. येसबा दिसताच ठकूबाई तांब्या घेऊन पुढं आली. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं. वहाणा काढायला तो वाकलासुद्धा. मग सरळ झाला, आणि पाणी प्याला.

उद्या सांगू, असं त्याच्या मनात होतं. उद्याचा परवा झाला. नंतर लाज वाटायला लागली, की आता कुठल्या तोंडानं सांगू. माणसाचं असंच होतं, त्यात त्याला वेगळा दोष मी देत नाही. पण चैत्र काही त्याच्यासाठी थांबला नाही.

तुम्ही म्हणाल, शेजारच्या वाड्यांनी सांगितलं असेल की. सांगितलं ना. धावत येऊन सांगितलं. भेकरवाडी हसली. म्हणाली, येसबा आमच्यात पाणी प्याला. वाईट असतं तर प्याला असता का?

कागद आले तेव्हा सगळं उमगलं. सहा वाड्या अख्ख्याच्या अख्ख्या एकेका जागी गेल्या, देवासकट, शेजारासकट. भेकरवाडीची सतरा घरं सतरा ठिकाणी गेली. कुणी उसाच्या मुलखात, कुणी खाऱ्या जमिनीवर, कुणी अशा गावात जिथं त्यांची बोली ऐकून लोक हसायचे. निघायच्या दिवशी येसबा आला आणि ठकूबाईपुढं अनवाणी उभा राहिला. ती चिडली नाही. म्हणाली,

“येसबा, त्या दिशी तू पानी पिला नसतास, तर आमी सतरा घरं एका जागी रडलो असतो.”

येसबा पुन्हा निवडणुकीला उभा राहिला नाही. तो चालायला लागला. या घराची खबर त्या घराला, त्या घराची पुढच्या घराला. उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, आधी वाईट सांगायचा, मग चांगलं, आणि कुणी तांब्या पुढं केला तर हात जोडून निघायचा. त्यानं सांगितलं म्हणून सोयरिकी जुळल्या, त्यानं सांगितलं म्हणून माणसं मयताला पोचली. असं म्हणतात, उसाच्या मुलखात सकाळी मूल जन्मलं तर दिवस मावळायच्या आत येसबा खाऱ्या जमिनीवर ते सांगत असायचा, मध्ये चार दिवसांची वाट असली तरी. असंही म्हणतात, की त्याची जुनी वाट धरणाखाली गेली होती, तर तो त्या पाण्यावरूनच चालायचा आणि पाणी त्याच्या घोट्याच्या वर येत नसे.

पण त्याला पाहून हरखून कुणी पुढं येत नसे. लांबून तो दिसला की बायकांच्या छातीत धस्स व्हायचं, कारण तो वाईट आधी सांगायचा. खबर ऐकली की घर त्या खबरेत बुडून जायचं, आणि येसबा कधी गेला ते कळायचंही नाही. अशी वीस वर्षं गेली.

मग एकदा तो आला नाही. दोन महिने झाले, चार झाले. प्रत्येक घराला वाटलं, दुसऱ्या घरी असेल. शेवटी ठकूबाईचा मुलगा बाळकू, त्या दिवशी पाळण्यात होता तोच, येसबाच्या गावाला गेला. येसबाच्या घराला कडी होती आणि आत कोळ्यांनी जाळी विणली होती. शेजारी म्हणाला, “चंद्राबाई जाऊन नऊ वर्सं झाली की. तुमास्नी ठावं न्हाई?”

चंद्राबाई म्हणजे येसबाची बायको. ती गेली ते नागपंचमीच्या आदल्या दिवशी. तिचे दिवस उरकून बाराव्या दिवशी तो बाहेर पडला होता. बाळकूला आठवलं, त्या श्रावणात येसबा आपल्या दारी आला होता. खालच्या मुलखात दिलेल्या बाळकूच्या बहिणीची गाय व्याली, पाडी झाली, असं त्यानं हसून सांगितलं होतं. बाळकूनं पाडीचा रंग विचारला होता. बाळकू तिथंच त्या बंद दारापुढं बसला आणि ढसाढसा रडला.

येसबाला पुढं कुणी पाहिलं नाही. भेकरवाडीची वाट जिथं पाण्यात उतरते तिथं काठावर त्याच्या वहाणा सापडल्या. असं म्हणतात, त्या दिवशी धरण आपसूक ओसरलं, सतरा उंबरे उघडे पडले, आणि येसबानं एकेका उंबऱ्यापुढं उभं राहून त्या त्या घराची खबर सांगितली. सतरावं घर झालं तसं पाणी पुन्हा जागेवर आलं.

तेव्हापासून चैत्राच्या शेवटच्या दिवशी सतरा घरांतलं एकेक माणूस त्या काठावर येतं. सगळे अनवाणी उभे राहतात आणि आपापल्या घराचं सांगतात, वाईट आधी. निवडून आलेला आमदारही येतो, त्यालाही हीच रीत. मागं एक जण हातात पाण्याची बाटली घेऊन उतरला होता, त्याला ती गाडीत ठेवायला लावली. सतरा घरांचं सांगून झालं की वयानं सगळ्यांत मोठी बाई पाण्याकडं तोंड करते आणि विचारते,

“आन येसबा, तुझं काय?”

मग सगळे गप्प उभे राहतात. पोरंसुद्धा. एका माणसाला आपलं सगळं सांगायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ. तोवर तांब्याला कुणी हात लावत नाही.