भूतबंगल्यात हैबतीची नोकरी

भोळा माणूस नाही असं गाव अजून वसायचं आहे. कालव्याकाठच्या एका गावातही एक भोळा गडी होता. त्याचं नाव हैबती. नाव ऐकून वाटावं, कुणी सरदारच चालून आला. प्रत्यक्षात त्याच्या अंगात बैलाची ताकद होती, मनात पाप नव्हतं, आणि सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायची खोड होती. तीच खोड नडायची.

हैबतीला मामाची मुलगी गोजरा फार आवडायची. गोजरालाही तो आवडायचा. संभूमामाची ना नव्हती, पण हैबतीची एकही नोकरी टिकत नव्हती. तेल्याकडे लागला, कुंभाराकडे लागला, देवळात झाडायला लागला. सकाळी गेला तो दुपारच्या भाकरीला घरी परत. शेवटी मामानं त्याला समोर बसवलं.

"हैबत्या, येक काम धर आन् त्ये शेवटाला ने. काम पुरं झालं की त्याच दिवशी सुपारी फोडतो, लगीन ठरलं समज. मधीच हाकलला, तर मातर गोजरा दुसरीकडं द्यावी लागंल मला."

गोजरा दाराआड उभी होती. तिनं मनातल्या मनात देवाला नारळ बोलला.

त्याच सुमाराला गावात सिनेमावाले आले. चित्रं अजून बोलायला लागली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. पडद्यावर माणसं नुसती धावायची, आपटायची, तोंडं वेंगाडायची, आणि लोक पोट धरून हसायचे. कंपनीचे मालक होते मास्तर धामणकर. हाडकुळा माणूस, मिशा तेवढ्या भरघोस. गोष्ट रचायचे ते, नटांना शिकवायचे ते, आणि तोंडावर आपटायचेही तेच. कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला यशवंत मिस्त्री होता. आणि हडळ व्हायला सदू होता. मिशी काढून, पांढरं नऊवारी नेसून तो उभा राहिला की गावातल्या बायकासुद्धा पदर सावरून घ्यायच्या.

चित्र होतं एका भित्र्या पाहुण्याचं. पाहुणा, म्हणजे मास्तर स्वतः, भुताच्या घरात मुक्कामाला येतो आणि त्याची फजिती होते. त्यासाठी मास्तरांनी कालव्यावरचा बंगला घेतला. कालवा खोदणारा गोरा साहेब तिथं तापानं गेला होता, आणि तो अजून कालव्याचं पाणी मोजत फिरतो असं गाव म्हणायचं. मास्तरांनी आल्या आल्या बंगल्याची कौलं उतरवली. कारण तेव्हा चित्र निघायचं ते उन्हावर. त्यामुळे या बंगल्यातली हडळ भर दुपारी निघायची आणि ऊन कललं की चहा प्यायला बसायची.

फक्त आतली एक खोली मास्तरांनी झाकलेली ठेवली. तिथं दिवसाढवळ्या काळाकुट्ट अंधार. काढलेली फिल्म डब्यांत बंद करून तिथं ठेवायची. शहरात नेऊन धुवून होईपर्यंत तिला उजेडाचा कवडसा जरी लागला तरी सगळं चित्र पुसलं जायचं. कुणी दार उघडू नये म्हणून मास्तरांनीच आवई उठवली की साहेब त्या खोलीत बसतो. कुलपापेक्षा भूत स्वस्त पडतं.

पण भूत फार स्वस्त करून ठेवलं की गडी मिळत नाहीत. गावातला एकही जण बंगल्याची पायरी चढेना. हैबती तेवढा चढला. मास्तरांनी विचारलं, भुताची भीती वाटते का रे? हैबतीनं विचार केला आणि सांगितलं, "अजून कुणी भी म्हनून सांगितलं न्हाई."

मास्तरांना असाच माणूस हवा होता.

त्यांनी हैबतीच्या हातात चंदेरी कागद चिकटवलेली एक मोठी फळी दिली. फळी उन्हात धरायची आणि तिचा उजेड नटाच्या तोंडावर पाडायचा. मास्तर म्हणाले, "माझ्या तोंडावरचं ऊन क्षणभरही हलता कामा नये." डब्यांचं आणि काळोखाचं त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्याचं काम उन्हाचं, त्याला काळोखाचं कशाला सांगा.

हैबतीनं ऊन हलू दिलं नाही. मास्तर धावले, ऊन धावलं. मास्तर आपटले, ऊन आपटलं. कामाला सुट्टी झाली आणि मास्तर भाकरी खायला बसले, तर तोंडावर ऊन. लवंडले, तर तोंडावर ऊन. डोळे चोळत तांब्या घेऊन झुडपाआड गेले, तर हैबती समोरच्या टेकाडावर चढला आणि तिथून त्यानं ऊन पाडलं.

मास्तर परत आले ते चाचपडत. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते म्हणून त्यांनी आधी सदूलाच हैबती समजून शिव्या दिल्या, मग हैबतीला. म्हणाले, "अरे, यशवंताचं हँडल घरघर फिरतंय तोवर काम. हँडल थांबलं की तूही थांब. हात जिथं असेल तिथं, जसा असेल तसा. पुतळा. आम्ही भूत गायब करताना असंच करतो, सगळे पुतळे होतात आणि भूत तेवढं बाजूला होतं. मनाशी खूणगाठ बांध."

हैबतीला मनाला गाठ कशी मारायची ते माहीत नव्हतं. त्यानं मुंडाशाच्या शेवाला मारली.

दुसऱ्या दिवशी संभूमामानं त्याला जेवायला बोलावलं. नोकरी टिकलेली बघून मामा खूश होता. आतल्या खोलीत गोजरा दळत होती, जात्याची घरघर चालू होती. मामा म्हणाला, "घाल जरा ताक भातावर." हैबतीनं ताकाचं गाडगं उचललं आणि वाकडं केलं.

नेमकं तेव्हाच गोजरानं हैबतीला बघायला म्हणून जात्याचा खुंटा सोडला आणि दारातून डोकावली. घरघर थांबली. हैबतीही थांबला. हात जिथं होता तिथं, जसा होता तसा.

ताक भातावर आलं. भातावरून ताटात आलं. ताटातून मामाच्या मांडीवर उतरलं. मामा पुरे म्हणाला, मग पुरे पुरे म्हणाला, मग हैबतीच्या आईचं नाव घेऊन पुरे म्हणाला. पुतळ्याची पापणी लवली नाही. गोजराला हसू आवरेना, आणि ती हसत होती तोवर दळत नव्हती. अखेर गाडगं रिकामं झालं. गोजरा डोळे पुसत जात्याशी बसली, घरघर सुरू झाली, आणि हैबतीनं गाडगं सरळ करून विचारलं, "आनखी वाढू, मामा?"

मामानं धोतर पिळलं. भाच्यावर त्याचा जीव होता, म्हणून त्यानं हात न उगारता शहाणपण सांगितलं. डोळ्यांदेखत नासाडी व्हायला लागली तर माणसानं पुतळा होऊन बघत बसायचं नसतं. धावायचं, धरायचं आणि वाचवायचं.

"आता ध्येनात ऱ्हाईल," हैबती म्हणाला आणि त्यानं मुंडाशाला दुसरी गाठ मारली.

पुढचं दृश्य मास्तरांचं सगळ्यात लाडकं होतं. हडळ माळ्यावरून पिठाची मडकी फेकते, पाहुण्याच्या डोक्यावर एकेक फुटतं, पाहुणा पांढराफटक होतो आणि शेवटी पाण्याच्या घंगाळात कोसळतो. सदू माळ्यावर चढला. यशवंतानं हँडल फिरवलं. पहिलं मडकं सुटलं.

हैबतीनं फळी टाकली आणि धावला. मडकं हवेतच झेललं, जमिनीवर ठेवलं. दुसरं झेललं, पहिल्याच्या शेजारी ठेवलं. सदूला वाटलं, मास्तरांनी आयत्या वेळी गोष्ट बदलली असेल, म्हणून तो फेकत राहिला. एकही मडकं फुटलं नाही. चिमूटभर पीठ सांडलं नाही. मास्तर बिचारे सवयीनं घंगाळाकडे कोसळले, तर हैबतीनं त्यांनाही अलगद धरलं आणि मडक्यांच्या ओळीत नेऊन उभं केलं.

मास्तरांनी त्याला हाकलायचंच ठरवलं होतं. पण हाकलला तर फळी धरणार कोण? मिस्त्री आणि सदू दोघांनी कानांवर हात ठेवले. तेव्हा मास्तरांनी मडक्यावर बसून त्याला समजावलं. बाबा रे, इथं दिसतं ते सगळं खोटं असतं. भूत खोटं, पडणं खोटं, रडणं खोटं. कुणी पडो, बुडो, बोंबलो, तू मध्ये यायचं नाही. लांब उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या. टाळ्यांनी नटाला हुरूप येतो.

हैबतीनं तिसरी गाठ मारली.

मडकी पुन्हा फेकली, पुन्हा फुटली, मास्तर पांढरेफटक झाले. हैबतीनं फळी सोडली नाही, आणि हँडल थांबल्यावर अशा टाळ्या वाजवल्या की मास्तर त्याच्यावर खूश झाले. आता फार थोडं काम उरलं होतं.

दुपारी सदू बंगल्यामागच्या जुन्या हौदावर तोंड धुवायला गेला. अंगावर हडळीचं लुगडं तसंच होतं. पाय शेवाळावरून सटकला आणि सदू आत. पाणी गळ्याइतकंच होतं, पण नऊ वार लुगडं हातापायांना असं गुंडाळलं गेलं की त्याला उभं राहता येईना. तो बुडायचा, वर यायचा, "मेलो, मेलो, धावा" म्हणायचा आणि पुन्हा बुडायचा.

हैबती काठावर आला. त्यानं बघितलं. असं काम त्यानं आजवर बघितलं नव्हतं. त्यानं टाळ्या वाजवल्या. सदू जास्त ओरडला, यानं जास्त टाळ्या वाजवल्या. सदू जरा जास्त वेळ खालीच राहिला, तेव्हा नाटकाच्या तंबूत ऐकलेला शब्द आठवून हैबतीनं "वन्समोर" दिला.

वन्समोर ऐकून यशवंत मिस्त्री बाहेर आला म्हणून सदू वाचला. मिस्त्रीनं त्याला ओढून काढलं, गरगर फिरवून लुगडं उलगडलं आणि पायरीवर उन्हात आडवं घातलं. पोटातलं पाणी बाहेर आलं, मग शिव्या बाहेर आल्या.

मास्तरांचा या खेपेला आवाज चढला नाही. त्यांनी हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला. "माणूस कुठं अडकलाय असं कळलं, की काही विचारत बसायचं नाही. आधी बाहेर काढायचं. गुंडाळलेलं सगळं सोडायचं. उन्हात पसरायचं. आणि मग काय टाळ्या वाजवायच्या त्या वाजव."

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यामुळे सदूभाऊवर मरायची वेळ आली, हे त्याला फार लागलं. त्यानं चौथी गाठ मारली, ती दातांनी ओढून घट्ट केली.

अखेर चित्र पुरं झालं. शेवटचं आपटणं आपटून मास्तर उठले आणि त्यांनी सगळ्यांना कडकडून मिठ्या मारल्या. मिठी हैबतीलाही मिळाली. ही बातमी गावात पोचली तसा संभूमामा नवं धोतर नेसून, नारळ-सुपारी घेऊन बंगल्यावर आला. भाच्यानं एक काम शेवटाला नेलं होतं. मामाची छाती फुगली होती. घरी गोजरानं पुरणाला डाळ टाकली होती.

मामाला चहा दिला. मामा म्हणाला, पोराचं काम मला बघायचंय, चित्र कुठं आहे? मास्तरांनी काळोख्या खोलीकडे बोट केलं.

"आहे की तिथं. मी आहे, सदू आहे, तुमच्या भाच्यानं उजळलेलं एकेक तोंड आहे. सगळे डब्यांत बंद आहेत. शहरात गेल्याशिवाय त्यांची काही सुटका नाही."

मास्तर हसले, मामा हसला. हैबती दाराशी उभा होता, त्याला हसू आलं नाही. त्या अंधाऱ्या खोलीत, एवढ्याशा डब्यात, सदूभाऊ. पुन्हा अडकला बिचारा. सदू समोर बसून बशीतून चहा ओढत होता, हे त्याला दिसत होतं. पण इथं दिसतं ते सगळं खोटं, ही तिसरी गाठ होतीच की. आणि चौथी गाठ म्हणत होती, विचारत बसू नकोस.

हैबती हळूच आत गेला. काळोख्या खोलीचं दार करकरलं, पण बाहेर मामा गोजराच्या हातच्या पुरणपोळ्यांचं कौतुक सांगत होता. ते कुणाला ऐकू आलं नाही.

चहा झाला. मामानं पिशवी सोडली, नारळ काढला, पाटावर सुपारी मांडली. मुलाकडचं वडीलधारं माणूस म्हणून मास्तर बसले. मास्तरांना गहिवरून आलं. असा प्रामाणिक गडी आपण उभ्या आयुष्यात बघितला नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. मामानं अडकित्ता उघडला आणि हैबतीला हाक मारली.

हैबती आला नाही. मागच्या अंगणातून टाळ्या ऐकू आल्या.

सगळे उठून मागं गेले. भर दुपारचं रणरणतं ऊन होतं. बाभळीच्या कुंपणावर, हौदाच्या काठावर, पायऱ्यांवर, पेरूच्या फांद्यांवर लांबच लांब करड्या फिती उलगडून पसरल्या होत्या. एकीवर दुसरी येऊ नये म्हणून त्या नीट हातानं सारख्या केल्या होत्या. खाली डबे ओळीनं उघडे पडले होते. मधोमध हैबती घामाघूम होऊन टाळ्या वाजवत होता.

सदूच्या हातातली बशी पडली. यशवंत मिस्त्री पायरीवर बसला आणि पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून, एवढंच पुटपुटत राहिला. मास्तरांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, हात हवेत फिरत होते, पण आवाज म्हणून फुटत नव्हता. मामाला फितींतलं काही कळत नव्हतं. त्यानं मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं, अडकित्ता मिटला, आणि सुपारी गुपचूप पिशवीत टाकली.

मास्तरांची ती अवस्था बघून हैबतीला वाईट वाटलं. तो जवळ आला, त्यांचा हात हातात घेतला आणि त्यानं धीर दिला.

"आता घोर करू नगा, मास्तर. येकूनयेक डबा उघडला, शेवटापतूर उलगडून बगितला. समदी सुटली. आत येक माणूस ऱ्हायला न्हाई."