मराठी वळणाचा ‘ल’

“पण सर, अर्जाची सोय साइटवर होती की नव्हती?”

निनाद बोरसेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आवाज चढला होता.

देवरे सर तुरीच्या शेंगा सोलत होते. “होती,” ते म्हणाले.

“मग तिनं अर्ज का नाही केला?”

सरांनी एक शेंग बोटानं चाचपली. किडकी होती, ती बाजूला टाकली.

देवरे सर जन्मांध. तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवला आणि तिथंच लेखनिक मंडळ काढलं. अंध विद्यार्थी परीक्षेत उत्तर सांगतो आणि शेजारी बसलेला ते लिहितो, तो लेखनिक. मंडळातली मुलं हे काम आनंदानं करत. मंडळाचा एक जुनापुराणा मोबाइल होता. जो सचिव असेल त्याच्या खिशात तो असायचा. फोन वाजला की लेखनिक ठरायचा. कारभार एवढाच.

निनाद सचिव झाला आणि मंडळाला वेबसाइट आली. पोरगा हुशार, यात वाद नाही. आपण हुशार आहोत हे त्यालाही जरा जास्तच ठाऊक होतं. स्नेहसंमेलनात साइटला ढाल मिळाली. मोबाइल बंद झाला. सूचना लागली : यापुढे अर्ज फक्त साइटवर.

आठ महिन्यांत एकही अर्ज आला नाही. यंदा मागणीच नव्हती, असं निनादनं वार्षिक सभेत सांगून टाकलं. कोणाला काही खटकलं नाही. राग येतो तो याचाच.

आणि गेल्या सोमवारी कुसुम तडवी इतिहासाच्या पेपरला एकटी बसली.

कुसुम अंध. दुसऱ्या वर्षाला, धडगावकडची. पहिल्या वर्षी तिला फोनवरून लेखनिक मिळाला होता. या वर्षी फोन लागेना. ऑफिसात विचारलं, तर उत्तर मिळालं, “आता सगळं साइटवर असतं, तिथं बघ.” परीक्षेला ती तीन तास बाकावर बसून राहिली. पर्यवेक्षकांनी तिचा बैठक क्रमांक लिहिला. बाकी उत्तरपत्रिका कोरी.

पेपर सुटल्यावर एका मैत्रिणीनं तिला देवरे सरांकडे आणलं. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं गावी गेली. आता परत येणार नाही म्हणाली.

म्हणून सरांनी निनादला घरी बोलावून घेतलं होतं.

“तिनं मला सगळा पेपर तोंडी सांगितला,” सर म्हणाले. “इथंच बसून. तू बसलायस तिथं.”

“...कसा सांगितला?”

“एकही सन चुकला नाही.”

निनादनं खुर्चीत चुळबुळ केली. “वाईट झालं, सर. खरंच वाईट झालं. पण एक बटण दाबायचं होतं. ‘लेखनिक हवा’. पहिल्याच पानावर, एवढं मोठं. लहान मुलालाही सापडेल.”

“फार सुंदर आहे म्हणे.”

“सर, अक्षरासाठी मी पंधरा दिवस घालवले!” निनाद खुलला. “हल्ली सगळीकडे हिंदी वळणाचा ल असतो. श पण तसाच. मला ते चालणार नव्हतं. आपल्या मंडळाचं नावच ल-नं सुरू होतं. मग छापखान्यातून आपल्या जुन्या स्मरणिकेचा फॉन्ट आणला. अस्सल मराठी वळणाचा ल. परीक्षकांनी मुद्दाम उल्लेख केला त्याचा.”

“हो. ऐकलं मी.”

“तुम्ही होतात की उद्घाटनाला! टाळ्याही वाजवल्यात.”

“वाजवल्या,” सर म्हणाले. “सगळे सुंदर म्हणाले. मीही म्हणालो.”

त्यांनी हात पुसले, खिशातून स्वतःचा फोन काढला आणि पुढे केला. सरांचा फोन बोलका. बोट जिथं टेकेल तिथलं वाचून दाखवतो. अंध माणसं फोन असाच वापरतात. कुसुमचाही तसलाच होता.

“डोळे मीट,” सर म्हणाले.

“आता?”

“मीट. आणि लेखनिक मागून दाखव.”

निनाद हसला. साइट त्यानंच केलेली, पानाचा कोपरान् कोपरा पाठ. त्यानं डोळे मिटले आणि बोट टेकवलं.

फोन बोलला, “वाय एस... ब्रॅकेट... के एफ यू डी... गोक. बटण.”

निनादनं बोट उचललं. पुन्हा टेकवलं.

“वाय एस... ब्रॅकेट... के एफ यू डी... गोक. बटण.”

“हे काय वाचतोय हा?”



निनादनं बोट खाली सरकवलं. तिथंही तसलंच काहीतरी. आणखी खाली. त्याची सगळी मेहनत त्या फोनच्या तोंडून घरभर बरळत राहिली. एकदा चुकून तो साइटच्या बाहेर पडला आणि परत कसं शिरायचं ते त्याला कळेना.

मग त्याच्या लक्षात आलं. जुना फॉन्ट! त्यात मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरं असतात, वरून फक्त मराठी मुखवटा चढवलेला. डोळ्याला ‘लेखनिक हवा’ दिसतं. कानाला...

“गोक,” तो हळूच म्हणाला.

“कुसुमनं मला विचारलं,” सर म्हणाले. “सर, गोक म्हणजे काय हो?”

निनादनं फोन मांडीवर ठेवला.

“तिला वाटलं इंग्रजी शब्द आहे. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून अडतंय. लाजेनं मैत्रिणींनाही दाखवलं नाही, दोन दिवस शब्दकोश ऐकत होती.”

“कोणाला विचारायचं ना, सर! मला विचारायचं...”

“कुठल्या फोनवर?”

बाहेर कोणीतरी सायकल उभी केली, स्टँड लावलं आणि निघून गेलं. निनादचे डोळे अजून मिटलेलेच होते. त्याला ते उघडायचं सुचलं नसावं.

“मी आत्ता घरी जाऊन बदलतो,” तो घाईघाईनं म्हणाला. “दोन तासांचं काम आहे. साधा फॉन्ट टाकतो. हिंदीचा ल तर हिंदीचा ल.”

“बदल.”

“आणि तिला फोन करतो. चूक माझी होती म्हणून सांगतो.”

“मी सांगितलं तिला. साइटच वाचता येण्यासारखी नव्हती, तुझा काही दोष नाही म्हणून.”

“मग?”

“म्हणाली, तसं कसं असेल, सर? ती तर आमच्यासाठीच केलीय ना...”

निनादला रडू आलं. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. एवढा मोठा मुलगा, परक्याच्या घरात, मांडीवर फोन धरून रडत राहिला. पेपर होऊन गेला होता. मुलगी गावी पोचली होती. कोरी उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधून गेली होती. आता ल कुठल्याही वळणाचा लिहिला तरी त्या उत्तरपत्रिकेत एक ओळही उमटणार नव्हती, आणि हे त्याला पक्कं कळलं होतं.

“ती परत येईल का, सर?”

“नाही वाटत.”

“तुम्ही समजावलंत तर?”

“समजावलं.”

सरांनी त्याच्या मांडीवरचा फोन चाचपून घेतला आणि बंद केला.

“आधीच्या आठ महिन्यांत आणखी कोणी...” निनाद थांबला. “आणखी किती जणांनी ऐकलं असेल हे?”

“माहीत नाही. एकदा मीही ऐकायला हवं होतं. माझा फोन माझ्या खिशातच होता.”

सरांनी शेंगांची टरफलं गोळा केली.

“ऊठ,” सर शेवटी म्हणाले. “उशीर होईल तुला.”

निनाद उठला नाही. मान खाली, पापण्या घट्ट.

“सर...”

“काय?”

“डोळे उघडवत नाहीत मला.”

सरांनी हात पुढे केला. चाचपत त्याचं डोकं शोधलं, मग कपाळ, मग ओल्या पापण्या. तिथं बोटं क्षणभर थांबली.

“उघड,” ते म्हणाले. “तुझे उघडतात.”