दोन हजार पाचशे एकवीस मुंग्या

मुलांनो, एका जंगलाच्या कडेला, पळसाखालच्या वारुळात मुंग्यांचे एक कुळ नांदत असे. हिवाळा तोंडावर आला, की हे कुळ वारूळ सोडून वडाच्या उबदार ढोलीत जाई. त्यांची रीत मोठी कडक. ढोलीत शिरायचे ते सारख्या रांगांनीच. रांग दोघींची असो की दहा जणींची, प्रत्येक रांग भरलेली हवी. अपुरी रांग आत घेतली तर घरात अवदसा येते, असा त्यांचा समज. दहाहून मोठी रांग दारात मावत नसे. सगळ्या आत गेल्या, की दार चिखलाने लिंपून टाकत आणि ते थेट होळीला उघडत. जी बाहेर राहिली, ती थंडीने गेलीच म्हणायची.

त्या वर्षी निघायच्या दिवशी मोजणीदार मुंगीने सगळ्यांना मोजले. स्वतःला धरून दोन हजार पाचशे एकवीस! तिने दोन-दोनच्या रांगा लावल्या, एक उरली. तीन-तीनच्या लावल्या, एक उरली. चारच्या, पाचच्या करत दहापर्यंत गेली, तरी एक ती उरलीच. मोजणीदारणीला आपल्या गणिताचा भारी तोरा. ती राणीला म्हणाली, "राणीसाहेब, एकच कमी करा. मग या आकड्याला दोनपासून दहापर्यंत कशानेही निःशेष भाग जातो. असा गुणी आकडा शोधून सापडायचा नाही!"

"मग ठेवायचं कोणाला?" राणीने विचारले.

मोजणीदारणीने एका लंगड्या म्हाताऱ्या मुंगीकडे पाहिले. मोजणीदारीण अंड्यात होती, तेव्हा याच म्हातारीने तिला पुराच्या पाण्यातून तोंडात धरून आणले होते. म्हातारीचा पाय गेला तो तेव्हाच. "मावशी, तू राहा. आकडाच तसा आहे गं," मोजणीदारीण म्हणाली.

"असू दे बाई. तू हुशार, तुला कळतं," म्हातारी म्हणाली आणि बाजूला झाली. कसली हुशारी आणि कसले काय!

दहा-दहाच्या देखण्या रांगा निघाल्या. अर्ध्या वाटेवर एक साळुंकी झेपावली आणि एका मुंगीला टिपून उडून गेली. वडाखाली पुन्हा मोजणी झाली. दहाच्या रांगा लावल्या, तर शेवटच्या रांगेत नऊच. नऊच्या लावल्या, तर आठच. आठच्या लावल्या, तर सातच. काही केल्या एक कमीच पडे. शेवटी दोन-दोनच्या लावल्या, तर एकटी मुंगी उरली. मोजणारी नेहमी सर्वांत मागे, त्यामुळे उरली ती मोजणीदारीणच.

"राणीसाहेब, एकच तर कमी आहे हो!" ती काकुळतीला आली.

"आकडाच तसा आहे," राणी म्हणाली. दार लिंपले गेले.

मोजणीदारीण रडत रडत माघारी वळली. वारुळाशी म्हातारी एका वाळक्या पानाखाली कुडकुडत होती. "तू गं इथं कशी?" तिने विचारले. "रांगा जमल्या नाहीत?"

"नाही, मावशी."

"किती कमी पडल्या?"

मोजणीदारणीला मान वर करवेना. "एक," ती म्हणाली. "एकच, मावशी."

म्हातारीने सरकून तिला पानाखाली जागा दिली. होळीला अजून चार महिने होते.

तात्पर्य : आज ज्याला जास्तीचा म्हणून बाहेर काढावे, उद्या त्याच एकावाचून आपली रांग अपुरी राहते.