सत्काराला कुलूप

ही गोष्ट अकोटची. तिथल्या कांचन इंगळेची बॉक्सिंगची लढत टीव्हीवर फुकट दिसायची, तेव्हा बायका तव्यावरची पोळी करपू द्यायच्या, पण जागच्या हलायच्या नाहीत. मग चॅनेलवाल्या गुप्तेसाहेबांनी लढती जादा पैशांच्या चॅनेलवर नेल्या. बघणारे आटले.

साहेब म्हणाले, "लोकांना बॉक्सिंग नकोसं झालंय. कांचनची किताबाची लढत रद्द!"

कांचनची माय शेवंताबाई मोठी खमकी. तिनं साहेबांना मानानं सत्काराला बोलावलं. साहेब सुटाबुटात मंचावर बसले आणि बघतात तर काय, सभागृहात फक्त मायलेकी!

"अहो बाई, माझ्या सत्काराला कोणीच नाही?"

"काय करता साहेब, लोकायले तुम्ही नकोसे झाले असान."

साहेब लालबुंद झाले. तेवढ्यात दारावर बाहेरून थापा पडू लागल्या. "दार उघडा हो!"

शेवंताबाईनं कमरेची किल्ली काढली. "अख्खं गाव बाहेर उभं हाय, साहेब. आतून कुलूप मीच लावलं. आता खुर्च्या रिकाम्या दिसतात म्हणून तुमचा सत्कार रद्द करू काय?"

साहेब आधी ओशाळले, मग खो खो हसले.

"उघडा, माय. तुमचं कुलूप तुम्ही काढा, माझं मी काढतो."