अंगणातले लाल ठिपके

दुर्जयसिंह महाराजांच्या दरबारातला, प्रजेचे अर्ज निकाली काढणारा जावा प्रोग्राम पार मंदावला! आजोबाने अर्ज टाकावा आणि उत्तर नातवाने वाचावं, असा त्याचा वेग. प्रधानजींनी लगोलग आणखी बारा मशीनं मागवली. काम तेवढंच रखडलं, पण मशीनसाठी लावलेल्या एसीने खोली मात्र झकास गार झाली.

मग महाराज प्रोग्राम सांभाळणाऱ्या बहिर्जीवर घसरले. "उद्या दुपारपर्यंत दोषी दाखव! कागद नको, भाषण नको. माझ्या डोळ्यांना दिसला पाहिजे. नाहीतर राज्याबाहेर चालता हो!"

बहिर्जी रडकुंडीला येऊन घरी आला. "सगुणा, आत दोनशे थ्रेड आहेत. एकेक थ्रेड एकेक अर्ज निकाली काढतो. ते महाराजांना दाखवू कसे?"

"कोण काय करतंय, ते कळतं ना?" बायकोने विचारलं.

"दर दहा सेकंदांनी छापून येतं. कोण धावतोय, कोण रिकामा बसलाय, कोण कुलपापाशी, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या दारापाशी, अडकलाय. पण चारशे पानं! वाचणार कोण?"

"वाचायचंय कुणाला? आणा इकडे!"

सकाळी राजवाड्याच्या अंगणात सगुणेने ठिपक्यांची रांगोळी घातली. एका थ्रेडची एक ओळ, दर छापाचा एक ठिपका. धावणारा हिरवा, रिकामा पांढरा, अडकलेला लाल.

महाराज सज्जात आले. अंगण लालेलाल! दर छापाला हिरवा ठिपका एकच.

"वा! पोसायचे दोनशे आणि राबतो एक!" महाराज गरजले. "अगदी माझ्या दरबारासारखं!"

प्रधानजींना खोकला आला.

"हे आळशी नाहीत, महाराज," सगुणा म्हणाली. " आळशी असते तर पांढरे दिसले असते. सगळे एकाच कुलपापाशी ताटकळलेत. किल्ली ज्याच्या हाती, तेवढाच हिरवा."

"कुणी लावलं ते कुलूप? मुंडकं उडवतो त्याचं!"

"आधी अभय द्या."

"दिलं!"

"कुलपाचं नाव छापात आहे. प्रत्येक अर्जाआधी महाराजांची एकशे आठ बिरुदं म्हणायची, आणि दोघांनी एकदम म्हणायची नाहीत, असा आपलाच हुकूम! एक थ्रेड बिरुदं म्हणतो, बाकीचे हात जोडून उभे. दोषी दाखवायचा तर मला सज्जाकडे बोट करावं लागेल."

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "म्हणजे माझी बिरुदं काढून टाकू?"

"छे छे! सगळी ठेवा. फक्त म्हणायचं काम प्रधानजींकडे द्या. त्यांचं दुसरं कुठलं काम अडणार नाही!"

महाराज पोट धरधरून हसले. बहिर्जीची नोकरी टिकली, सगुणेला सोन्याचे तोडे मिळाले, आणि प्रधानजी घसा साफ करून पहिल्या बिरुदापासून सुरू झाले.